शुभेच्छांच्या पोस्टरवर लाखाचा खर्च, गिऱ्हाइकाच्या प्रश्नाला मात्र उत्तर नाही

मा. संपादक,

स. न.

गुढीपाडव्यापासून होळीपर्यंत एकही सण सुटत नाही. गॅरेजवाला, गाळ्यातला पावडर कोटिंगवाला (धातूच्या मालावर रंगाची पावडर मारून ती ओव्हनमध्ये, म्हणजे भट्टीत पक्की करणारा), गच्चीचे वॉटरप्रूफिंग करणारा, घरगुती फराळ विकणारी ताई, सगळ्यांच्या पेजवर त्या दिवशी सकाळी तीच गुढी, तेच तोरण आणि खाली कोपऱ्यात अंगठ्याएवढा लोगो. याला ‘डिजिटल मार्केटिंगचे पॅकेज’ म्हणतात. महिन्याला बारा पोस्ट, चार रील, दोन वेळा ‘बूस्ट’ (पैसे भरून पोस्ट जास्त लोकांना दाखवणे). दर सात-आठ हजारांपासून पंधरा हजारांपर्यंत. वर्षाकाठी लाखभर रुपये जातात आणि त्यातून इन्क्वायरी किती आल्या असे विचारले की मालक लाइक मोजून दाखवतो. ‘लघुउद्योजकांनी डिजिटल व्हावे’ हा सल्ला वर्तमानपत्रांतून आणि मेळाव्यांतून सतत दिला जातो. सल्ला चुकीचा नाही. पण पैसे कशावर घालायचे आणि कशावर नाही, हे कोणी फोडून सांगत नाही. ते सांगायचे म्हणून पत्र लांबले आहे, सांभाळून घ्यावे.

शुभेच्छांचे पोस्टर पाहतो कोण? छोट्या धंद्याच्या पेजचे फॉलोअर म्हणजे मेहुणा, शाळूसोबती, शेजारचे दुकानदार आणि स्वतःचे पॅकेज विकायला टपलेले दुसरे डिझायनर. गच्ची गळतेय म्हणून रात्री बादल्या लावणारा माणूस फेसबुकवर तोरण पाहत बसलेला नसतो. तो मोबाइलवर ‘स्लॅब गळती उपाय’ असे टाइप करतो किंवा माइकचे चिन्ह दाबून सरळ बोलतो. त्या घडीला त्याच्यासमोर उत्तर आले पाहिजे, आणि उत्तराखाली फोन नंबर. पोस्टरवर ना उत्तर असते, ना तो शोधत असलेले शब्द. दोन दिवसांत ते खाली सरकते आणि पुन्हा कोणाच्या नजरेला पडत नाही.

उत्तरे लिहायची तर आधी प्रश्न हवेत, आणि ते फुकट मिळतात. शंभर पानी वही फोनजवळ ठेवावी आणि महिनाभर येणारा प्रत्येक प्रश्न गिऱ्हाइकाच्याच शब्दांत टिपावा. पावडर कोटिंगवाल्याला ‘दहा फुटी पाइप बसतो का?’ असे विचारले तर तसेच लिहावे. त्याचे ‘ओव्हनची क्षमता’ असे शुद्धीकरण करू नये, कारण शोधणारा पुढचा माणूसही दहा फुटी पाइपच म्हणणार आहे. फोन कारागीर घेत असेल तर वही त्याच्या हातात द्यावी. महिनाअखेर सारखे प्रश्न एकत्र करून मोजले की बहुतेक धंद्यांत पंधरा-वीसच प्रश्न फिरून फिरून आलेले दिसतात. पुढच्या सहा महिन्यांचा मजकूर तोच. त्यासाठी डिझायनरचे सणांचे कॅलेंडर लागत नाही.

भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर, गोकुळ शिरगाव, बुटीबोरी, कुठल्याही औद्योगिक वसाहतीत पावडर कोटिंगचा एक तरी गाळा असतोच, म्हणून तेच उदाहरण घेतो. वेबसाइट असलीच तर तिच्यावर काय असते? ‘आम्ही गुणवत्तेशी तडजोड करत नाही’, कुठल्याशा परदेशी कारखान्याचा फुकट मिळालेला चकचकीत फोटो आणि ‘संपर्क साधा’. इलेक्ट्रिक पॅनेल बनवणारा किंवा फॅब्रिकेटर यावरून काहीच ठरवू शकत नाही. त्याला हवी असते ओव्हनची आतली लांबी-रुंदी-उंची, फुटांत. टांगून जास्तीत जास्त किती किलोचा जॉब, म्हणजे रंगवायची वस्तू, जातो? धुण्याच्या सात टाक्या आहेत, की नुसते पुसून पावडर मारता? टाक्यांची लांबी ओव्हनपेक्षा कमी असेल तर लांब जॉबचे काय करता? रेट चौरस फुटावर की किलोवर, आणि पत्र्याची एक बाजू मोजता की दोन्ही? कमीत कमी किती रुपयांचा लॉट घेता? आरएएल या रंगांच्या क्रमांक-यादीतला 7035 आणि बाजारात ‘सिमेन्स ग्रे’ म्हणून ओळखला जाणारा 7032 हे रंग कायम स्टॉकमध्ये असतात का? वेगळा रंग मागवला तर उरलेल्या पावडरचे पैसे कोणाच्या खात्यावर? थराची जाडी 60 ते 80 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) मिळेल का, आणि मीटर लावून दाखवाल का? आटे पाडलेल्या भोकांत पावडर जाऊ नये म्हणून ती झाकायची, म्हणजे मास्किंग, कोणी करायचे? टेम्पो तुमचा की आमचा?

यातल्या प्रत्येक प्रश्नाला दीडशे ते तीनशे शब्द पुरतात, पण उत्तरात आकडा हवा. नमुन्यादाखल नेहमीची तक्रार घ्या: जीआय (जस्त चढवलेल्या) पत्र्यावर किंवा कास्टिंगवर (ओतकामावर) कोटिंग केले की बारीक भोके का पडतात? उत्तर असे लिहिता येईल. जस्ताच्या थरात किंवा ओतकामाच्या सच्छिद्र अंगात हवा आणि ओलावा अडकलेला असतो. ओव्हनच्या 180 ते 200 अंश तापमानात तो बाहेर पडतो आणि वितळलेल्या पावडरीतून फुटून वर येतो. उपाय म्हणजे पावडर मारण्याआधी जॉब एकदा कोराच तापवून घेणे. त्यात ओव्हनची एक जादा फेरी आणि तेवढा गॅस जातो, म्हणून जीआयचा दर साध्या लोखंडी पत्र्यापेक्षा जास्त. हे वाचून फोन करणारा खरेदीवाला दरावरून फार ओढाताण करत नाही, कारण जादा पैसे कशाचे ते त्याला आधीच कळलेले असते. तसाच दुसरा प्रश्न: बॉक्सच्या आतल्या कोपऱ्यात पावडर पातळ का बसते? विद्युतभार दिलेली पावडर जवळच्या कडांकडे ओढली जाते, खोल कोपऱ्यात शिरायला मागत नाही. तिथे पावडर मारण्याच्या गनचा व्होल्टेज उतरवून हात फिरवावा लागतो. ज्याला हे माहीत आहे त्याच्या गाळ्यात माल टाकायला माणूस घाबरत नाही.

फोटो स्वतःच्याच गाळ्यातले, दिवसाउजेडी, फोनच्या कॅमेऱ्यावर काढलेले चालतात. उघड्या ओव्हनशेजारी माणूस उभा केला की आकार कळतो. जाडीच्या मीटरवरचा आकडा दिसेल असा एक फोटो, गंजका आणि तयार जॉब शेजारी शेजारी ठेवून एक. काळजी एकच: पार्टीचे नाव, पार्ट नंबर, ड्रॉइंग फोटोत येता कामा नये. वाहन कंपन्यांचे पार्ट बनवणारे या बाबतीत कडक असतात आणि एका फोटोपायी चालू काम जाते. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लेख लिहून घेण्याचेही आता पॅकेज निघाले आहे. व्याकरण सुधारायला त्या यंत्राची मदत खुशाल घ्यावी, पण तुमचा ओव्हन किती फुटी आहे हे त्याला माहीत नसते आणि गिऱ्हाइकाला तेवढेच हवे असते.

दर जाहीर करावा की नाही, यावर प्रत्येक मालक अडतो. ‘समोरच्याला रेट कळेल’ ही भीती. समोरच्याला तो आधीच माहीत असतो; पावडर विकणारा सेल्समन एकाच दुपारी दोन्ही गाळ्यांत चहा पितो. ‘अमुकपासून तमुकपर्यंत’ असा पट्टा द्यावा आणि दर कशाने वाढतो ती दोन-तीन कारणे लिहावीत. ज्याला परवडणारच नाही तो फोन करत नाही, हाही फायदाच. दिवसाचे दहा फुकट फोन वाचतात.

हंगामी धंद्यांत मजकुराची वेळ चुकली की सगळे फुकट जाते. वॉटरप्रूफिंगच्या इन्क्वायरी पहिल्या मोठ्या पावसानंतर धो धो येतात आणि नेमके तेव्हा काम करता येत नाही, कारण बहुतेक लेपांना कोरडा पृष्ठभाग लागतो. म्हणून ‘पावसाळ्याआधी गच्ची कशी तपासावी’ हे मार्चमध्येच लिहून लावलेले असावे: उतार पाइपाकडे आहे का, पाणी कुठे साचते, पॅरापेट (गच्चीचा कठडा) आणि स्लॅब मिळतात तिथे भेग आहे का, कुठली फरशी ठोकल्यावर पोकळ वाजते. ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर) आणि वरून मारायचा लेप यांत फरक काय, जुन्या इमारतीवर कोब्याचे वजन का टाळावे, काम झाल्यावर किमान 48 तास पाणी तुंबवून चाचणी घेतली का, हेही त्यात यावे. जूनमध्ये आलेल्या ज्या चौकशांचे काम तेव्हा करता आले नाही, त्यांच्यापुढे वहीत ‘ऑक्टोबर’ लिहून ठेवावे आणि ऑक्टोबरमध्ये आपण होऊन फोन करावा. गळती कोणी विसरलेले नसते, फक्त फोन करणारा कोणी नसतो.

हे सगळे ठेवायचे कुठे? पहिली जागा गूगलवरचे धंद्याचे प्रोफाइल. ते फुकट आहे आणि नकाशावर दिसते. कोणाला वर दाखवायचे हे ठरवताना शोधाशी जुळणी, अंतर आणि धंद्याची ख्याती या तीन गोष्टी पाहतो असे गूगल स्वतःच सांगते. अंतर आपल्या हातात नाही, उरलेल्या दोन आहेत. जुळणीसाठी धंद्याचा मुख्य वर्ग (कॅटेगरी) अचूक निवडावा. पावडर कोटिंगवाल्याने नुसते ‘उत्पादक’ निवडले तर तो शोधात मागे पडतो. वर्णनाला 750 अक्षरे मिळतात. पहिल्या दोन ओळींत काय काम, कुठल्या भागात, किती मोठ्या मापापर्यंत हे यावे. नावाच्या रकान्यात पाटीवर आहे तेवढेच नाव लिहावे. ‘श्री अमुक कोटिंग बेस्ट पावडर कोटिंग इन पुणे’ असे शेपूट लावणे नियमाविरुद्ध आहे आणि कोणी तक्रार केली तर प्रोफाइल निलंबित होऊ शकते. घरून किंवा गिऱ्हाइकाकडे जाऊन काम करणाऱ्यांना पत्ता लपवून सेवेचा परिसर देता येतो. खोटा पत्ता टाकायची गरज नाही. आणखी एक खुलासा: गूगल प्रोफाइलसोबत मिळणारी फुकट वेबसाइट मार्च 2024 मध्ये बंद झाली. तरीही कित्येकांच्या व्हिजिटिंग कार्डावर अजून तोच पत्ता छापलेला असतो. आपले कार्ड एकदा स्वतः उघडून पाहावे.

दुसरी जागा स्वतःची छोटी वेबसाइट: एका प्रश्नाला एक पान, प्रश्न हेच पानाचे शीर्षक. डोमेनला, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याला, वर्षाला हजाराच्या आसपास रुपये पडतात. इथला मोठा धोका तांत्रिक नाहीच. डोमेन, गूगल प्रोफाइल आणि फेसबुक पेज हे तिन्ही पॅकेजवाल्याच्या ईमेलवर उघडलेले असते. संबंध बिघडले की वेबसाइट बंद, प्रोफाइल हातातून गेले आणि वर्षानुवर्षे जमलेली परीक्षणेही त्याच्याबरोबर. गूगल प्रोफाइलवर ‘मालक’ आणि ‘व्यवस्थापक’ अशा वेगळ्या भूमिका असतात. मुख्य मालक म्हणून धंद्याच्या धन्याचाच ईमेल हवा, बाहेरच्याला फक्त व्यवस्थापक करावे. डोमेनचे बिल धन्याच्या नावावर आणि त्याच्याच कार्डावरून. पहिला हप्ता देण्याआधी हे लेखी घ्यावे.

तिसरी जागा व्हॉट्सॲप बिझनेस. ॲप फुकट असते, पण निम्मे लोक ते साध्या व्हॉट्सॲपसारखेच वापरतात. त्यात कॅटलॉगला 500 वस्तूंची जागा आहे, 50 पर्यंत तयार उत्तरे साठवता येतात, आणि गिऱ्हाइकांना ‘नवीन’, ‘कोटेशन दिले’, ‘ॲडव्हान्स आला’ अशी लेबले लावता येतात. वहीतल्या पंधरा प्रश्नांची उत्तरे तयार उत्तरांत भरली की कारागीरही जेवणाच्या सुट्टीत नीट जबाब देऊ शकतो. ब्रॉडकास्टच्या एका यादीत 256 जण बसतात, पण ज्यांनी आपला नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच तो निरोप पोहोचतो. ‘दोनशे जणांना पाठवले, कोणी बोललेच नाही’ या तक्रारीचे कारण बहुधा हेच. बिल देताना ‘नंबर सेव्ह करून ठेवा, काम तयार झाले की इथेच कळवतो’ एवढे म्हटले की हा प्रश्न सुटतो. आणि यादीला रोज सुप्रभात पाठवू नये. लोक ब्लॉक करतात, मग कामाचा निरोपही जात नाही.

व्हॉट्सॲपच्या लिंकमध्ये आधीच मजकूर भरून ठेवता येतो, आणि कुठल्या जाहिरातीतून कोण आले हे कळायला याहून स्वस्त साधन नाही. गूगल प्रोफाइलवरच्या लिंकमध्ये ‘रेट हवा आहे जी1’, व्हिजिटिंग कार्डावरच्या क्यूआरमध्ये ‘रेट हवा आहे व्ही1’, गाळ्याच्या बोर्डावर ‘बी1’, पेपरात टाकलेल्या पत्रकावर ‘पी1’. निरोप आला की शेवटच्या खुणेवरून उगम कळतो. इथे हमखास होणारी चूक अशी: क्यूआरमध्ये लांबलचक मराठी वाक्य भरले जाते. लिंकमध्ये देवनागरीच्या एकेका अक्षराची नऊ-नऊ चिन्हे होतात, वाक्य मोठे असले की क्यूआरमधले ठिपके दाट होतात आणि वर्तमानपत्राच्या कागदावर शाई थोडी पसरली की फोन तो वाचत नाही. छापायच्या क्यूआरमध्ये एक-दोन शब्द आणि खूण एवढेच ठेवावे, चौकोन किमान अडीच सेंटिमीटरचा करावा, भोवती पांढरी जागा सोडावी आणि पाच हजार प्रती काढण्याआधी एक छापील प्रत तीन वेगवेगळ्या फोनांवर, त्यातला एक जुना, तपासून पाहावी.

आता सगळ्यात दुर्लक्षित भाग. इन्क्वायरी आणायला पैसे घालणारे उद्योजक आलेली इन्क्वायरी कागदाच्या चिटोऱ्यावर लिहितात. रजिस्टरला सात रकाने पुरतात: तारीख आणि वेळ, नाव, नंबर, काम काय, खूण, कोटेशनची रक्कम आणि पुढचा फोन कधी. शेवटचा रकाना रिकामा ठेवायचा नाही, हा नियम. काम मिळाले किंवा गेले, तर त्यातच कारण लिहायचे: दर, अंतर, मुदत, की आपणच उशिरा जबाब दिला. गिऱ्हाईक यादीतल्या तीन-चार जणांना लागोपाठ फोन लावते. जो आधी नीट बोलतो त्याचा दर मापदंड ठरतो, बाकीचे त्याच्याशी ताडून पाहिले जातात. मशीनवर हात अडकले असतील तर ‘अर्ध्या तासात फोन करतो, तोवर जॉबचा फोटो आणि माप पाठवा’ हे तयार उत्तर जाऊ द्यावे. कोटेशन त्याच दिवशी, मग तिसऱ्या, दहाव्या आणि तिसाव्या दिवशी विचारणा. तिसाव्या दिवसाचा फोन निरर्थक वाटतो, पण कारखान्यांत खरेदीची मंजुरी महिनाभर अडकून पडते, हे वसाहतीत वावरणाऱ्याला सांगायला नको.

रजिस्टर भरले की हिशेब शाळकरी पोरगाही करील. समजा महिन्यात जाहिरातीवर 6,000 रुपये गेले, 40 इन्क्वायरी आल्या, त्यातल्या 10 आपल्या कामाच्या निघाल्या आणि 3 ऑर्डर झाल्या. इन्क्वायरी 150 रुपयांना पडली, ऑर्डर 2,000 रुपयांना. ऑर्डरमागे सुटणारा नफा 2,000 पेक्षा कमी असेल, तर इन्क्वायरी कितीही स्वस्त असली तरी धंदा तोट्यात. पॅकेजवाला पहिला आकडा दाखवतो. आपण दुसरा पाहायचा. जुनी पार्टी पुन्हा आली तर तिला जाहिरातीच्या खात्यात धरू नये, नाहीतर हिशेब फुगतो.

पैसे देऊन जाहिरात करायची ती एवढे झाल्यावर. दिवसाला 300 रुपयांपासून सुरुवात करता येते. त्यावर 18 टक्के जीएसटी वेगळा, हे आधीच धरावे. गूगलच्या शोध-जाहिरातीत तीन जागी पैसे गळतात. पहिली गळती ठिकाणाची: मुळात लावलेल्या पर्यायानुसार त्या गावात नसलेल्या, पण त्या गावाबद्दल नुसते शोधणाऱ्यांनाही जाहिरात दिसते. तो बदलून ‘त्या ठिकाणी असलेले’ असा ठेवावा, नाहीतर नाशिकच्या कामाला बिहारमधून क्लिक येतात. दुसरी गळती: शोध-जाहिरातीसोबत इतर संकेतस्थळांवर आणि भागीदारांकडे दाखवण्याचे चौकोन आधीच टिक केलेले असतात, सुरुवातीला ते काढावेत. तिसरी, वगळायच्या शब्दांची यादी केलेली नसते. पावडर कोटिंगवाल्याने ‘नोकरी’, ‘पगार’, ‘मशीनची किंमत’, ‘कोर्स’, ‘घरी कसे करावे’ असे शब्द वगळले नाहीत तर नोकरी शोधणाऱ्यांच्या क्लिकचे पैसे तोच भरतो. लोकांनी नेमके काय टाइप करून क्लिक केले ते खात्यात दिसते. पहिले दोन आठवडे रोज, पुढे आठवड्याला एकदा ती यादी वाचून नको ते शब्द वगळावेत. रोजचे बजेट 300 ठेवले तरी एखाद्या दिवशी 600 पर्यंत खर्च होऊ शकतो. महिन्याचा एकूण मात्र रोजच्या बजेटच्या 30.4 पटीत राहतो. दुसऱ्या दिवशी घाबरून जाहिरात बंद करणारे पुष्कळ आहेत.

फेसबुक-इन्स्टाग्रामवर ‘बूस्ट’चे बटण सोपे आहे, म्हणूनच पैसे खाते. त्यातून बहुधा लाइक आणि व्ह्यू मिळतात, कारण तेच मागितलेले असते. त्याऐवजी फेसबुकच्याच ॲड्स मॅनेजर या जाहिरात-साधनातून ‘व्हॉट्सॲपवर संभाषण’ किंवा ‘लीड फॉर्म’ (इच्छुक गिऱ्हाइकाने, म्हणजे ‘लीड’ने, भरायचा अर्ज) हे उद्दिष्ट निवडावे. लीड फॉर्ममध्ये नाव आणि नंबर आधीच भरून येतो, त्यामुळे लोक चुकून अंगठा लावतात आणि फोन केला की ‘मी भरलाच नाही’ म्हणतात. फॉर्मच्या प्रकारात ‘अधिक संख्या’ऐवजी ‘अधिक इच्छुक’ निवडला की पाठवण्याआधी तपासून पाहण्याची एक पायरी वाढते. सोबत हाताने उत्तर द्यावे लागेल असा एक प्रश्न घालावा: ‘गच्ची किती चौरस फूट आहे?’ संख्या निम्मी होईल, रजिस्टर सुधारेल. आलेली लीड त्याच दिवशी उतरवून घ्यावी. 90 दिवसांनंतर ती तिथून उतरवता येत नाही. लीड विकणाऱ्या पोर्टलचे वार्षिक सदस्यत्व घेण्याआधी एकच प्रश्न लेखी विचारावा: ही इन्क्वायरी माझ्याशिवाय आणखी किती जणांना जाते?

परीक्षणांबद्दल थोडक्यात. काम देतानाच क्यूआर पुढे करून मागावे आणि सगळ्यांकडून मागावे, फक्त खूश दिसणाऱ्यांकडून नाही. परीक्षणाच्या बदल्यात सूट किंवा भेट देणे गूगलच्या नियमात बसत नाही. ‘चांगले लिहा’ म्हणण्यापेक्षा ‘काय काम केले ते लिहा’ म्हणावे. ‘छान सर्व्हिस’पेक्षा ‘बारा फुटी गेट, तीन दिवसांत’ हे वाचणाऱ्याला आणि शोधालाही उपयोगी पडते. वाईट परीक्षणाला दोन वाक्यांत, तारीख आणि केलेली दुरुस्ती सांगून उत्तर द्यावे. भांडू नये.

विकत मिळणारा ‘डेटा’ मात्र घेऊच नये. पेनड्राइव्हवर लाखभर नंबर हजार-दोन हजारात मिळतात आणि त्यांवर एसएमएसचा मारा करण्याचा मोह होतो. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या 2018 च्या नियमावलीनुसार व्यावसायिक एसएमएससाठी पाठवणाऱ्याची, शीर्षकाची (निरोपावर दिसणाऱ्या प्रेषक-नावाची) आणि मजकुराच्या साच्याची नोंदणी लागते. जाहिरातीच्या कॉलसाठी 140 ने सुरू होणारी मालिका आहे. आपल्या साध्या दहा अंकी नंबरवरून धडाधड कॉल केले आणि तक्रारी झाल्या तर तोच नंबर बंद पडतो. तो नंबर बोर्डावर, बिलावर आणि गूगलवर असतो, म्हणजे धंद्याचे दारच बंद. शिवाय 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा पाया संमती हा आहे. आपल्याकडे आपण होऊन चौकशी करणाऱ्या दोनशे जणांची यादी त्या लाखापेक्षा मोलाची आणि निर्धोकही.

आमची मागणी दोन ठिकाणी आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम आणि मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम या दोन्हींत कर्जासोबत उद्योजकता प्रशिक्षण असते. जिल्हा उद्योग केंद्रे, महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र आणि वसाहतींतल्या संघटना यांनी अशा प्रशिक्षणात एक पूर्ण दिवस या कामाला द्यावा. व्याख्यान नको, पडद्यावर ‘डिजिटल इंडिया’चे चित्रही नको. प्रशिक्षणार्थीने स्वतःचा फोन घेऊन बसावे. सकाळी प्रोफाइल उघडून मुख्य मालकाच्या जागी कोणाचा ईमेल आहे ते पाहावे, दुपारपर्यंत आपल्या धंद्याचे दहा प्रश्न आणि पाच उत्तरे लिहावीत, दुपारनंतर तयार उत्तरे आणि खुणेच्या लिंक भराव्यात, आणि संध्याकाळी शेजाऱ्याने त्या लिंकवर निरोप पाठवून त्या पोहोचतात का ते तपासावे. खर्च चहाचा आणि वायफायचा.

दुसरी मागणी आपल्याकडे. छोट्या जाहिरातींच्या पानावर अडीच सेंटिमीटरच्या चौकोनाला सध्या सजावटीच्या जाहिरातीचा दर पडतो आणि तो गाळेवाल्याला झेपत नाही. दोन ओळी मजकूर आणि एक क्यूआर, असा एक परवडणारा दर ठरवावा. खूण घातलेली असल्याने आपल्या पानातून किती इन्क्वायरी गेल्या हे जाहिरातदाराला आकड्यात कळेल आणि त्या पुरेशा असतील तर तो पुढच्या महिन्यात आपण होऊन परत येईल. त्या चौकोनात क्यूआरऐवजी गुढी छापून द्या म्हणणारेही येतील. त्यांना दुप्पट दर लावावा.

आपले,
लघुउद्योगांच्या जाहिरात आणि विक्रीचे काम करणारे काही जण,
पिंपरी-चिंचवड